बेट कुणाला दिसते?

बेट म्हटले की शहरातल्या माणसाच्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते. चहूकडे निळे पाणी, मध्ये हिरवा ठिपका आणि त्या ठिपक्यावर आपण एकटे! ना लोकलची गर्दी, ना शेजाऱ्यांचा गलका, ना साहेबाचे बोलावणे. मुंबईकर तर मूळच्या सात बेटांवरच राहतो. पण भर घालून घालून मधल्या खाड्या बुजल्या, आणि बेटावर राहत असूनही बेटाची स्वप्ने पाहण्याची त्याची सोय झाली.

कलावंतांनाही हे स्वप्न पडते. गोगँ हा फ्रेंच चित्रकार १८९१ साली पॅरिस सोडून ताहिती बेटावर गेला आणि त्याने तिथल्या बायकांची जी चित्रे काढली ती आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्या चित्रांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या बायकांना आपले बेट कसे दिसत होते, हे त्या चित्रांतून कळायला मार्ग नाही. कुंचला पाहुण्याच्या हातात होता. त्याने पाहिले ते बेट जगाला दिसले. घरच्यांनी पाहिले ते घरातच राहिले.

बहुतेक बेटांची गोष्ट अशीच आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काही लहान बेटांवर मात्र निराळे घडले. तिथे होडीतून आलेल्या कलावंतानेही लिहिले आणि त्याच खडकांवर जन्मलेल्या कोळ्यानेही लिहिले. पाहुण्यानेही चित्र काढले आणि यजमानानेही. दोघांचे बेट शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. असे भाग्य वाचकाला क्वचित लाभते.

गॉल्वे उपसागराच्या तोंडाशी अ‍ॅरन नावाची तीन बेटे आहेत: इनिशमोर, इनिशमान आणि इनिशियर. चुनखडीचा उघडा खडक, आणि माती म्हणाल तर नावालाच. तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या खडकावर वाळू आणि समुद्रातले शेवाळ यांचे थर पसरून माती तयार केली, त्या मातीत बटाटे लावले, आणि वाऱ्याने ती उडून जाऊ नये म्हणून भोवती दगडांचे गडगे रचले. आपल्या कोकणातल्या माणसाला गडगा म्हणजे काय ते सांगायला नको. पण इथे शेतापेक्षा गडगेच जास्त, असे पाहणाऱ्याला वाटते. होडीही अशीच गरिबाची. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले जाड कापड आणि कापडाला डांबर. तिला म्हणतात करॅक. असल्या कापडी होडीतून ही माणसे अटलांटिक महासागरात मासेमारीला जात.

या बेटांवर १८९८ च्या मे महिन्यात जॉन मिलिंग्टन सिंज नावाचा एक तरुण उतरला. डब्लिनजवळच्या सुखवस्तू घराण्यात १८७१ साली जन्मलेला. व्हायोलिन शिकला, संगीतासाठी जर्मनीला गेला, ते सोडून साहित्यासाठी पॅरिसला गेला, आणि तिथेही काही जमेना. १८९६ साली पॅरिसमध्ये त्याला कवी येट्स भेटला. (हाच येट्स पुढे १९१२ साली रवींद्रनाथांच्या इंग्रजी गीतांजलीला प्रस्तावना लिहिणारा.) येट्सने त्याला सल्ला दिला की पॅरिस सोड आणि अ‍ॅरनला जाऊन राहा. सिंजने तो मानला. १८९८ पासून १९०२ पर्यंत पाच वेळा तो तिथे जाऊन राहिला. मुख्यतः मधल्या इनिशमानवर, एका झोपडीवजा घरात. तिथली आयरिश भाषा शिकला, म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या, आणि १९०७ साली त्या बेटांवर त्याचे पुस्तक निघाले.

त्या पुस्तकात एक मोठा मौजेचा तपशील आहे. इनिशमानवरच्या घरांना समोरासमोर दोन दारे असत, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. ज्या बाजूने वारा नसेल ते दार दिवसभर उघडे ठेवायचे. वारा उत्तरेचा असला की दक्षिणेचे दार उघडे, त्यातून ऊन आत येई, आणि चौकटीची सावली जमिनीवर कुठवर सरकली यावरून किती वाजले ते कळे. पण वारा दक्षिणेचा झाला की ते दार बंद, सावली नाही, आणि म्हणून वेळही नाही! उत्तरेचा वारा असला की घरच्या म्हातारीकडून सिंजला चहा वेळेवर मिळायचा. नाहीतर सहाचा चहा तिनालाच पुढे यायचा.

हा तपशील पाहुण्यालाच दिसायचा. त्या म्हातारीने आपले आत्मचरित्र लिहिले असते तर त्यात दोन दारांचा उल्लेख आलाच नसता, कारण दोन दारे ही तिच्या दृष्टीने सांगण्याजोगी गोष्टच नव्हती. घरातला माणूस घराकडे पाहत नाही, घरातून बाहेर पाहतो. पाहुण्याचा उपयोग तो हाच.

आणि पाहुण्याची अडचणही तीच. सिंज इनिशमानवर असताना दूर डोनेगलच्या किनाऱ्याला एक प्रेत लागल्याची बातमी आली. अंगावरच्या कपड्यांचे वर्णन काय ते कळले होते. ते आपल्यापैकी कुणाचे, याचा बेटावर दोन-तीन दिवस खल चालला आणि शेवटी एका बहिणीने कपड्यांच्या तुकड्या-तुकड्यांतून आपला भाऊ ओळखला. याच अनुभवातून ‘रायडर्स टु द सी’ ही एकांकिका जन्मली. १९०४ साली ती डब्लिनमध्ये रंगभूमीवर आली. आपल्याकडे इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या अनेकांनी ती वर्गात वाचली असेल. मॉर्या नावाच्या म्हातारीचे नवरा, सासरा आणि मुलगे एकेक करून समुद्राने नेले. शेवटचा उरला तोही नाटक संपता संपता जातो. बुडालेल्या एका मुलाची ओळख पटते ती त्याच्या पायमोज्यावरून. बहिणीने स्वतः विणलेला मोजा, त्यात चार टाके सुटलेले. ती टाके मोजते आणि समजते. अर्ध्या तासाची एकांकिका, पण अंगावर काटा आणते. माझ्या मते या शतका-सव्वाशतकात इंग्रजीत इतकी छोटी आणि इतकी मोठी शोकांतिका दुसरी झाली नाही.

या मोज्याची पुढची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अ‍ॅरनचे जाड विणीचे पांढरे स्वेटर जगभर विकले जातात, आणि विकताना सांगतात की प्रत्येक घराण्याची वीण निराळी असते, का, तर बुडालेला कोळी ओळखता यावा म्हणून. आता ती नक्षीदार वीण काही पुरातन नाही. ती विसाव्या शतकाच्या आरंभीची, आणि घराण्यांच्या विणींना कसलाच पुरावा नाही. सुटलेल्या चार टाक्यांवरूनच ही दंतकथा वाढली असे जाणकार म्हणतात. एका नाटककाराने एक मोजा रंगभूमीवर आणला, आणि बेटाच्या नावावर एक नवीन परंपरा जमा झाली. बेटवाल्यांची काही तक्रार नाही. स्वेटर खपतात.

खरी तक्रार करावी ती दुसऱ्या एका पाहुण्याबद्दल. रॉबर्ट फ्लॅहर्टी हा अमेरिकन चित्रपटकार अ‍ॅरनवर येऊन राहिला आणि १९३४ साली त्याने ‘मॅन ऑफ अ‍ॅरन’ हा चित्रपट पुरा केला. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला मोठे पारितोषिक मिळाले. लाटांची ती दृश्ये आजही पाहताना छाती दडपते. पण पडद्यावरचे कुटुंब हे कुटुंबच नव्हते. तीन निरनिराळ्या घरांतली चेहऱ्याने शोभणारी माणसे निवडून आईबाप आणि मुलगा उभे केले होते. चित्रपटात कोळी भाला घेऊन प्रचंड शार्क माशाची शिकार करतात. ती शिकार बेटावर कित्येक वर्षांपूर्वी बंद पडली होती. भाला कसा मारायचा तेही कुणाला आठवत नव्हते, ते मुद्दाम शिकवावे लागले. खवळलेल्या समुद्रात होडी घालायला लावून खऱ्या माणसांचे जीव धोक्यात घातले ते निराळेच. निसर्गाशी झुंजणारा आदिमानव फ्लॅहर्टीला हवा होता, आणि तो बेटावर सापडेना म्हणून त्याने तो तयार करून घेतला. सिंजने ऐकलेले वाढवले. याने नसलेले घडवले. दोन्हींत फरक आहे असे मला वाटते.

आता बेटवाल्यांकडे वळू. त्यासाठी आपल्याला अ‍ॅरन सोडून दक्षिणेला केरी परगण्यात जावे लागेल. तिथे डनक्विन गावासमोर समुद्रात ग्रेट ब्लास्केट हे पाच किलोमीटर लांबीचे, उभ्या कड्यांचे बेट आहे. वस्ती भरात होती तेव्हाही दीडशे-पावणेदोनशे माणसांपलीकडे कधी गेली नाही. चर्च नाही, डॉक्टर नाही, दुकान नाही, दारूचा गुत्तासुद्धा नाही. पण या एवढ्याशा वस्तीतून दहा-बारा वर्षांत आयरिश भाषेतली तीन मोठी पुस्तके बाहेर पडली.

पहिले तोमास ओ क्रोहन याचे. जन्म १८५५ च्या सुमाराचा, धंदा मासेमारीचा. बोलायची भाषा आयरिश, पण शाळेत शिकवली ती इंग्रजी. स्वतःच्या भाषेत लिहायला-वाचायला तो चाळिशी उलटल्यावर आपला आपण शिकला. आयरिश शिकायला विद्वान मंडळी बेटावर येऊ लागली तेव्हा हाच त्यांचा गुरू. ब्रिटिश म्यूझियममधला रॉबिन फ्लॉवर १९१० साली आला, तो वर्षानुवर्षे येतच राहिला. बेटावर त्याचे नावच ‘ब्लाहीन’, म्हणजे ‘छोटे फूल’, असे पडले. १९१७ साली ब्रायन केली नावाचा गृहस्थ आला आणि तोमासच्या मागे लागला की तू स्वतःचे आयुष्य लिही. तोमासला पटेना. कोळ्याच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय असते? तेव्हा केलीने त्याला गॉर्कीच्या बालपणाच्या आठवणी आणि पिएर लोतीची आइसलंडच्या दर्यावर जाणाऱ्या कोळ्यांवरची कादंबरी वाचून दाखवली. पुस्तके आपल्यासारख्यांची असू शकतात, हे म्हाताऱ्याच्या ध्यानात आले, आणि चुलीपाशी बसून तो लिहू लागला. पाने लिहून होतील तशी टपालाने केलीकडे पाठवायची. १९२८ साली त्याची रोजनिशी निघाली आणि १९२९ साली ‘बेटकर’ अशा अर्थाच्या नावाचे आत्मचरित्र. फ्लॉवरने ते इंग्रजीत आणले.

सिंज वाचून ओ क्रोहन वाचायला घेतला की पहिल्यांदा चुकल्याचुकल्यासारखे होते. सूर्यास्त कुठे आहे? समुद्राचे वर्णन कुठे आहे? समुद्र पानोपानी आहे, पण तो कामाचा समुद्र आहे. आज वारा कुठला, मासे कुठे लागतील, फुटलेल्या जहाजातून काय वाहत आले, सील मारायला गुहेत शिरताना भरतीचे पाणी किती चढले होते. तोमासला दहा मुले झाली. एक कड्यावरून पडले, काही साथीच्या आजारांत गेली; एक मुलगा १९०९ साली बुडणाऱ्या मुलीला वाचवायला गेला तो तिच्याबरोबरच गेला. नंतर बायकोही गेली. सिंजने या प्रत्येक मरणावर एकेक नाटक रचले असते. तोमास हे सगळे एखाद-दुसऱ्या पानात सांगतो आणि पुढे जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा होडी काढायचीच होती. हा कोरडेपणा नव्हे. ज्याला रडत बसायला वेळ नाही त्याच्या दुःखाची भाषा अशीच असते, आणि मॉर्याचा आक्रोश ऐकून जे होत नाही ते हे एक पान वाचून होते.

दुसरे पुस्तक मॉरिस ओ’सलिव्हन या तरुणाचे, १९३३ सालचे. हे हसरे, खेळकर. याच्याही मागे एक पाहुणा होता: जॉर्ज टॉमसन, केंब्रिजचा ग्रीक भाषेचा पंडित. इंग्रजी भाषांतराला प्रस्तावना लिहिली ई. एम. फॉर्स्टरने, म्हणजे देवासच्या महाराजांच्या पदरी काही काळ चिटणिशी केलेला तोच आपला फॉर्स्टर. तिसरे पुस्तक १९३६ चे, पेग सेयर्स या बाईचे. लग्न होऊन ती बेटावर आली. गोष्टींचा तिच्यापाशी खजिना, पण आयरिश लिहिता येत नव्हते; ती सांगत गेली आणि मुलाने उतरून घेतले.

इथे मराठी वाचकाला आपल्या बहिणाबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पेगचा जन्म १८७३ चा, बहिणाबाईंचा १८८० चा. दोघींनी स्वतः लिहिले नाही, दोघींचे शब्द घरच्या मुलांनी कागदावर धरले म्हणून राहिले. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ती गाणी टिपून ठेवली नसती तर खानदेशातल्या शेतातच ती विरून गेली असती. फरक एवढाच की बहिणाबाईंच्या कविता शाळेत शिकूनही आपल्याला आवडत राहिल्या. पेगचे पुस्तक आयरिश शाळांतून वर्षानुवर्षे सक्तीचे होते, आणि मुलांच्या कित्येक पिढ्या त्या बिचाऱ्या म्हातारीच्या नावाने बोटे मोडत मोठ्या झाल्या. पाठ्यपुस्तक आणि परीक्षा यांनी चांगल्या लेखकाचे काय होते, हे आम्हा मास्तर लोकांना कुणी सांगायला नको.

पण खरी खंत निराळीच आहे. ही पुस्तके गाजत होती तेव्हा बेट रिकामे होत होते. तरुण पोरे अमेरिकेला, विशेषतः मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, जात होती. पुस्तके वाचून पाहुणे येत, आणि पाहुण्यांना होडीतून आणायला-न्यायला धडधाकट माणसे उरली नव्हती. १९४७ च्या आरंभी एक तरुण आजारी पडला. समुद्र खवळलेला, डॉक्टर येऊ शकला नाही, आणि तो गेला. त्यानंतर बेटवाल्यांनीच सरकारकडे आम्हाला इथून हलवा म्हणून धरले. १७ नोव्हेंबर १९५३ या दिवशी बेट सोडण्याला सुरुवात झाली. उरलेली माणसे होती अवघी बावीस. त्यांतल्या बहुतेकांना समोरच्याच किनाऱ्यावर डनक्विनकडे घरे मिळाली. आयुष्यभर ज्या बेटावरून ते किनारा पाहत आले होते, ते बेट आता ते किनाऱ्यावरून पाहू लागले. पाहुण्यांच्या जागी ते स्वतः येऊन बसले. तोमास १९३७ सालीच वारला होता. ओ’सलिव्हनने पोलिसाची नोकरी धरून बेट सोडले होते. तो १९५० साली गॉल्वेच्या किनाऱ्यावर पोहताना बुडाला.

बेटावर जन्मून बेट सोडलेल्या कवीचे एक वेगळे दुखणे असते. अ‍ॅरनच्या इनिशमोरवरचा मार्टिन ओ दिरान हा १९१० साली जन्मलेला कवी अठराव्या वर्षी गॉल्वेच्या टपाल कचेरीत नोकरीला लागला आणि पुढे डब्लिनमध्ये सरकारी कारकुनी करत राहिला. तिथल्या टेबलाशी बसून त्याने आयरिश भाषेत अ‍ॅरनचा दगड, शेवाळ आणि शेजारीपाजारी यांवर कविता लिहिल्या. गिरणगावातल्या खोलीत बसून कोकणातल्या घराचा चौथरा आठवणारा चाकरमानी ज्याने पाहिला आहे, त्याला ओ दिरान कळायला आयरिश यायची जरुरी नाही. सिंजला बेट हवे होते म्हणून तो गेला. ओ दिरानला भाकर हवी होती म्हणून तो निघाला. दोघांचे बेट सारख्याच अंतरावर आहे, दिशा मात्र उलटी.

पाहुण्यांतही सगळे सारखे नसतात, हे टिम रॉबिन्सनवरून दिसते. केंब्रिजला गणित शिकलेला हा इंग्रज चित्रकार लंडनमधले प्रदर्शनांचे जग सोडून १९७२ साली बायकोसह इनिशमोरवर राहायला आला. तिथल्या पोस्टातल्या बाईंनी त्याला सुचवले की इतके हिंडता आहात तर बेटाचा एक चांगला नकाशा का काढत नाही? त्याने ते मनावर घेतले. एकेक गडगा ओलांडत तो बेटभर पायी फिरला, प्रत्येक खडकाला, खाचेला आणि शेताच्या तुकड्याला लोक काय म्हणतात ते विचारत गेला. इंग्रज मोजणीदारांनी एकोणिसाव्या शतकात आयरिश नावे इंग्रजी कानाने ऐकून वेडीवाकडी लिहिली होती. त्याने ती दुरुस्त करून घेतली. १९७५ साली नकाशा निघाला, आणि मग त्याच बेटावर दोन जाडजूड ग्रंथ झाले. चित्रे काढायला आलेला माणूस नावे गोळा करत बसला. २०२० साली तो वारला. माझा कल विचाराल तर पाहुण्यांत मी याला पहिला नंबर देईन, सिंजच्याही आधी. कारण तोमासला जे बेट ठाऊक होते ते नावांचेच बनलेले होते, आणि ही गोष्ट पाहुण्यांपैकी यालाच कळली.

शेवटी चित्रकाराकडे. उत्तरेला डोनेगलच्या किनाऱ्यापासून चौदा-एक किलोमीटरवर टोरी बेट आहे. १९५० नंतरच्या दशकात डेरेक हिल हा इंग्रज चित्रकार तिथे येऊन निसर्गचित्रे काढू लागला. एका रविवारी प्रार्थना आटोपून लोक घरी चालले होते. हिल उघड्यावर चित्र रंगवत होता. जेम्स डिक्सन नावाचा सत्तरीला टेकलेला कोळी मागे उभा राहून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला की यापेक्षा बरे मीही काढीन. हिल खरा मोठ्या मनाचा. त्याने राग न मानता, काढाच तर मग, म्हणून रंग आणि कागद देऊ केले, कुंचलेही देऊ केले. डिक्सनने रंग घेतले, कागद घेतले. कुंचले नको म्हणाला. आपल्या गाढवाच्या शेपटीचे केस कापून त्याने स्वतःचे कुंचले बांधले.

हिलच्या चित्रांत टोरी बेट आहे ते कडेला उभे राहून पाहिलेले: पावसाळी उजेड, काळसर कडा, दूरवर एखादे घर. डिक्सनच्या चित्रांत कडेला कुणी उभेच नाही. घरे, गडगे, बोटी, देवमासे, वादळात सापडलेले जहाज, सगळे एकदम दिसते, जणू वर घिरट्या घालणाऱ्या समुद्रपक्ष्याने काढावे तसे. आणि समुद्र असा ढवळलेला की बेटच होडीसारखे हलत असेल असे वाटावे. चित्राखाली तो स्वतःच्या हाताने लिहून ठेवी की हे अमुक आहे, अमक्या दिवशी जेम्स डिक्सनने काढले. १९६६ साली बेलफास्टमध्ये त्याचे प्रदर्शन भरले, १९७० साली तो वारला. त्याचे पाहून बेटावरच्या आणखी काही कोळ्यांनी कुंचले हाती धरले. त्यांतल्या पॅट्सी डॅन रॉजर्स या चित्रकाराला बेटाने आपला ‘राजा’ नेमले होते. तिथली ती जुनी चाल आहे. २०१८ साली तो वारला, तोवर बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्याचे स्वागत करायला हा राजा जातीने धक्क्यावर हजर असे. टोरीवरूनही लोकांना हलवावे असे घाटत होते. काही कुटुंबे गेलीही. पण बेट ब्लास्केटसारखे रिकामे झाले नाही. आजही तिथे शे-दीडशे माणसे राहतात आणि बेटावरच्यांनी काढलेली बेटाची चित्रे बेटावरच भिंतीला लावलेली पाहायला मिळतात.